फरशीखालची नळी आणि घरातली ऊब

 

मागच्या मासिक बैठकीत आमच्या गटापुढे कर्जाचा एक अर्ज आला. अर्ज नेहमीसारखा शेळीचा, शिलाई यंत्राचा किंवा खतबियाण्याचा नव्हता. आमच्या एका ताईंचा मुलगा आयटीआयमधून नळकाम शिकून बाहेर पडला आहे. त्याला जर्मनीला कामाला जायचे आहे आणि त्यासाठी आधी जर्मन भाषेचा वर्ग लावायचा आहे. ताईंनी चाळीस हजार मागितले. शिवाय त्यांनी हळूच सांगितले, की एक एजंट दोन लाख आधी भरा म्हणतोय, त्यासाठी गळ्यातले गहाण ठेवायचा विचार आहे.

बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. मग एका मावशींनी विचारले, "अगं, पण तिकडं जाऊन पोरगं करणार काय?" ताई म्हणाल्या, "घराच्या जमिनीत नळ्या अंथरायच्या, त्यातून गरम पाणी सोडायचं, म्हणजे घर उबदार राहतं म्हणे." त्यावर हशा पिकला. जमिनीत गरम पाणी? आपण तर उन्हाळ्यात फरशीवर गार पाणी शिंपडतो!

हसून झाले, पण प्रश्न राहिलाच. ज्या कामासाठी कर्ज द्यायचे ते काम काय आहे हे कळल्याशिवाय सही कशी करायची? म्हणून आम्ही त्या मुलाला त्याच्या वहीसकट बोलावले, आयटीआयच्या एका निदेशकांनाही विचारले आणि काम नीट समजून घेतले. आज तेच तुम्हाला सांगतो.

ऊब येते कशी?

तिकडे हिवाळ्यात बाहेर बर्फ पडते. पारा शून्याखाली जातो आणि थंडी काही महिने टिकते. शेकोटी पेटवून एवढे दिवस निघत नाहीत, त्यामुळे घर तापवण्याची सोय ही तिकडे चुलीइतकीच गरजेची.

आता आपला अनुभव आठवा. एप्रिलमध्ये दिवसभर तापलेला दगडी ओटा रात्री जेवणे झाली तरी ऊब देत असतो. वारा गार असला तरी ओट्यावर बसले की अंगाला ऊब लागते. ओटा आधी हवा तापवत बसत नाही, त्याची उष्णता सरळ आपल्या अंगाकडे येते. फरशीखालच्या नळ्यांचे तत्त्व हेच. अख्खी जमीन थोडीशी कोमट ठेवायची. जमीन मोठी असल्यामुळे ती फार तापवावी लागत नाही.

थोडीशी म्हणजे किती? नळीतले पाणी साधारण ३० ते ४० अंशांचे असते. म्हणजे आपण बाळाला आंघोळ घालतो तेवढेच कोमट. राहत्या खोलीत पायाखालची फरशी २९ अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. न्हाणीघरात त्याहून थोडी जास्त चालते. भिंतीवर लावायचे जुन्या पद्धतीचे लोखंडी तापक असतात, त्यांना याहून बरेच गरम पाणी लागते. कमी गरम पाण्यात काम भागते, म्हणून इंधन किंवा वीज वाचते.

आपल्याकडचा तांब्याचा बंब तुम्ही पाहिला असेल. त्यात मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवती पाणी. इथे उलटे आहे. नळीत पाणी आणि भोवती जमीन.

ही कल्पना नवी नाही. कोरियात पूर्वीपासून स्वयंपाकाच्या चुलीचा धूर आणि उष्णता जमिनीखालच्या पोकळीतून फिरवून मग बाहेर सोडत. त्याला ओंडोल म्हणतात. आपल्याच देशात काश्मीरमध्ये हमाम आहे. दगडी लाद्यांच्या जमिनीखाली लाकडे जाळतात. त्यातच तांब्याची टाकी बसवलेली असते. वर बसायला ऊब मिळते आणि वापरायला गरम पाणीही. पुढे न गंजणारी, वाकणारी प्लास्टिकची नळी आली आणि धुराच्या जागी पाणी खेळवणे सोपे झाले.

अंथरूण आधी, नळी नंतर

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट म्हणजे खालचा स्लॅब स्वच्छ, कोरडा आणि सपाट हवा. खडा राहिला तर तो वर टोचणार. मग चारी भिंतींच्या कडेने फोमची मऊ पट्टी उभी लावतात. तापल्यावर कोबा थोडा फुगतो. त्याला हलायला जागा मिळाली नाही तर तो भिंतीला रेटतो आणि तडकतो. ती जागा ही पट्टी देते.

त्यानंतर सगळ्या जमिनीवर थर्माकोलसारखे जाड तक्ते अंथरतात. हे का? उष्णता जशी वर येते तशी खालीही जाते. खाली अडवली नाही तर पैसे खर्चून आपण मातीच तापवत बसू. थंडीत बाळाला जमिनीवर नुसते न ठेवता आपण खाली गोधडी घालतो, तसेच हे. तक्त्यांवर प्लास्टिकचा कागद येतो, म्हणजे ओला कोबा फटींतून खाली उतरत नाही.

नळी किती आणि कशी?

आता मुख्य नळी. ती बहुतेक वेळा १६ मिलिमीटर जाडीची असते. मैत्रिणींनो, हा आकडा ओळखीचा वाटला ना? आपल्या ठिबकच्या लॅटरल नळ्याही बहुधा १६ मिलिमीटरच्याच असतात. मात्र ही नळी वेगळी. ती गरम पाणी आणि दाब वर्षानुवर्षे सोसते. तिच्यात हवेतला प्राणवायू आत शिरू न देणारा एक पातळ थर असतो. प्राणवायू पाण्यात मिसळला तर पंप आणि बॉयलरचे लोखंडी भाग गंजतात.

दोन नळ्यांमधले अंतर बहुधा १० ते २० सेंटिमीटर ठेवतात. बाहेरच्या भिंतीजवळ, मोठ्या खिडकीखाली आणि न्हाणीघरात नळ्या जवळजवळ, इतर ठिकाणी थोड्या लांब. हिशेब सोपा आहे. अंतर १० सेंटिमीटर असेल तर एका चौरस मीटरला १० मीटर नळी लागते. १५ असेल तर सुमारे पावणेसात मीटर आणि २० असेल तर ५ मीटर.

समजा, खोली ४ मीटर बाय ३ मीटर आहे. म्हणजे १२ चौरस मीटर, आपल्या भाषेत साधारण १३ बाय १० फूट. अंतर १५ सेंटिमीटर धरले तर ८० मीटर नळी लागेल. खोलीपासून वाटणीच्या पेटीपर्यंत जाण्यायेण्याची पाच-पाच मीटर धरली तर झाली ९० मीटर.

या आकाराच्या नळीचा एक फेरा शंभर मीटरच्या आत ठेवतात. का, हे ठिबकवाल्या बायकांना वेगळे सांगायला नको. लॅटरल फार लांब टाकली की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. इथेही फेरा लांबला की पंपाला जोर लागतो आणि शेवटाला पाणी गार होऊन जाते. म्हणून मोठ्या खोलीत एकाऐवजी दोन किंवा तीन फेरे करतात, तेही जवळपास सारख्या लांबीचे.

सगळे फेरे भिंतीतल्या एका पेटीत येतात. तिच्यात दोन आडव्या दांड्या असतात. एकीतून गरम पाणी निघते, दुसरीत गार झालेले पाणी परत येते. प्रत्येक फेऱ्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. शेतात प्रत्येक वाफ्याला वेगळा व्हॉल्व्ह असला की हवा तोच वाफा भिजवता येतो, तशी इथे खोली.

सगळ्यात महत्त्वाचा नियम असा, की फेरा अखंड असतो. पेटीतून निघालेली नळी जमिनीत कुठेही न जोडता परत पेटीतच येते. सांधा जमिनीखाली नको, कारण गळती बहुतेक सांध्यातच होते. म्हणून कापण्याआधी मोजायचे. नळी तीन मीटर कमी पडली म्हणून तुकडा जोडून चालत नाही.

चकली आणि नागमोड

अंथरण्याच्या दोन पद्धती आहेत. एक नागमोडी, म्हणजे शेवयांसारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे. ही सोपी, पण तिच्यात खोलीची एक बाजू जास्त गरम आणि दुसरी कमी गरम राहते, कारण पाणी पुढे जाईल तसे गार होत जाते.

दुसरी पद्धत चकलीची. कडेने सुरुवात करून आत आत जायचे, पण दुप्पट अंतर सोडून. मधोमध आले की वळायचे आणि सोडलेल्या जागेतून बाहेर यायचे. अशाने गरम पाणी नेणारी आणि गार पाणी आणणारी नळी शेजारी शेजारी येते. दोघींची सरासरी होते आणि सगळी खोली सारखी तापते. त्या मुलाने हे वहीत काढून दाखवल्यावर आमच्या मावशी म्हणाल्या, "ही तर दुहेरी चकली!" अगदी बरोबर.

हे काम दोघांचे. एकाने गुंडाळी सोडत मागे सरायचे, दुसऱ्याने गुडघ्यावर बसून साधारण दीड-दीड फुटावर खुंटीसारखी क्लिप ठोकत जायचे. वळणावर क्लिपा जवळ मारायच्या. गुंडाळी आडवी पाडून ओढली तर नळीला पीळ बसतो, म्हणून ती चक्रावर ठेवून फिरवत सोडतात. वळण फार आवळायचे नाही. साधारणपणे नळीच्या जाडीच्या पाचपट त्रिज्या ठेवतात, म्हणजे १६ मिलिमीटरला ८ सेंटिमीटर. त्याहून आवळले तर नळी मुडपते.

दारातून नळी दुसऱ्या खोलीत जाते तिथे कोब्याला सांध्याची फट ठेवलेली असते. दोन्ही खोल्यांचे कोबे आपापल्या परीने हलतात, म्हणून तेवढ्या जागी नळीवर साधारण फूटभर लांबीचे आवरण चढवतात.

झाकण्याआधीची परीक्षा

मैत्रिणींनो, आता जे सांगतो ते लक्ष देऊन ऐका, कारण हे आपल्याही घरच्या कामाचे आहे.

नळी अंथरली की लगेच कोबा टाकत नाहीत. आधी एकेक फेरा वेगळा घेऊन त्यात पाणी सोडतात आणि सगळी हवा बाहेर काढतात. हवेचा बुडबुडा अडकला तर पाणी फिरत नाही. मग पंपाने दाब देतात, बहुधा ४ ते ६ बार. एक बार म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. गावातली पाण्याची टाकी १५ मीटर उंच असेल तर तिचा दाब दीड बार. म्हणजे परीक्षेचा दाब गावच्या टाकीच्या अडीच-तीन पटीहून जास्त असतो.

प्लास्टिकची नळी पहिल्यांदा थोडी ताणते, म्हणून काटा किंचित खाली येतो. तेव्हा घाबरायचे नाही. परत दाब द्यायचा आणि थांबायचे. त्यानंतरही काटा उतरत राहिला तर कुठेतरी गळती आहे. ती शोधल्याशिवाय पुढे जायचे नाही. किती दाब दिला, किती वेळ टिकला हे कागदावर लिहून सही करतात. जमिनीचे फोटो काढतात, भिंतीपासूनची मापे लिहून ठेवतात. पुढे कुणी कपाटासाठी जमिनीत छिद्र पाडणार असेल तर नळी कुठून गेली आहे हे कळायला हवे.

कोबा टाकतानाही नळीतला दाब सोडत नाहीत. कुणाचे फावडे लागले आणि नळी फाटली तर काटा लगेच पडतो आणि ओला कोबा बाजूला सारून दुरुस्ती करता येते. दाब नसता तर हे दोन महिन्यांनी, फरशी बसल्यावर कळले असते.

नळीवर साधारण साडेचार सेंटिमीटर सिमेंटचा कोबा येतो. तो टाकल्यावर घाई चालत नाही. सिमेंटच्या कोब्याला निदान २१ दिवस देतात. मग पहिले तीन दिवस २५ अंशांच्या आसपास पाणी फिरवतात आणि त्यानंतर चार दिवस ठरलेल्या पूर्ण तापमानाचे. एकदम गरम पाणी सोडले तर कोबा तडकतो. कोबा पुरता सुकला आहे ना हे तपासून मगच वर फरशी बसवतात. दगड आणि टाइल उत्तम. जाड गालिचा घातला तर ऊब खालीच अडकते.

आपल्या घरात हे करावे का?

साफ सांगतो, नको. आपल्याकडे कडाक्याची थंडी मोजके दिवस. त्यासाठी जमीन भरून नळ्या घालणे म्हणजे चार दिवसांच्या पाहुण्यासाठी नवी माडी बांधणे. शिवाय ही जमीन तापायला काही तास लागतात आणि निवायलाही. सकाळी गार, दुपारी ऊन अशा आपल्या हवेत ती उपयोगाची नाही. गरम पाण्यासाठी पैसे घालायचेच असतील तर छपरावरचा सौर बंब आपल्या उन्हाला योग्य.

पण परीक्षेचा नियम मात्र घ्यावा. आमच्या गटातील एका काकूंच्या घरकुलात गवंड्याने न्हाणीघराचे पाईप भिंतीत घातले, त्याच दिवशी गिलावा केला आणि दोन दिवसांत टाइल लावल्या. दोन महिन्यांनी भिंतीला ओल आली. शेजारच्या खोलीतले धान्याचे पोते खालून कुजले. टाइल फोडल्या तेव्हा एक सांधा नीट चिकटलेलाच नव्हता असे दिसले. दुरुस्तीला साडेसहा हजार गेले. गटातली वर्षभराची बचत त्या भिंतीत गेली. काकू म्हणाल्या, "मला ठाऊक असतं तर मी गिलावा करूच दिला नसता."

म्हणून घरकुलाचे काम चालू असेल तर एवढे करा. पाईप जोडल्यावर चिकटवायच्या सोल्युशनला वाळायला पूर्ण दिवस द्या. मग सगळी तोंडे बंद करून पाणी भरा. प्लंबरकडे टेस्टिंगचा हातपंप असेल तर दाब देऊन काट्यावर खूण करा. नसेल तर टाकी जोडून रात्रभर पाणी भरलेले ठेवा आणि सकाळी प्रत्येक सांध्यावर कोरडा हात फिरवा. मोबाईलवर फोटो काढा, भिंतीपासून किती वीत अंतरावर पाईप आहे ते लिहा. मगच गवंड्याला गिलावा करू द्या. मिस्त्री म्हणेल, "वहिनी, एवढं काय, रोजचं काम आहे." म्हणू दे. घर आपले, पैसा आपला.

आणि कर्जाचे काय झाले?

हे काम हमालीचे नाही, मोजमापाचे आणि हिशेबाचे आहे हे आमच्या बायकांना कळले. जर्मनीत या धंद्याचे रीतसर शिक्षण साडेतीन वर्षांचे असते आणि शिकतानाही कंपनी दरमहा विद्यावेतन देते. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. म्हणजे वाट खरी आहे. पण वाट खरी म्हणून वाटेवर उभा असलेला प्रत्येक माणूस खरा नसतो.

आम्ही ताईंना तीन प्रश्न दिले आणि मुलाला एजंटकडे पाठवले. परदेशी पाठवण्याचा परवाना, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी दाखवता का? पैशांची पावती देता का? कामाचा करार कुणाशी, किती पगाराचा, तो कागद आधी वाचायला देता का? एजंटने पावती नाही म्हटले आणि करार तिकडे गेल्यावर होईल म्हणाला. ताईंनी गळ्यातले गहाण ठेवले नाही.

भाषेचे टप्पे असतात. ए-वन, ए-टू, मग बी-वन. गटाने चाळीस हजार एकदम न देता आधी ए-वनच्या वर्गापुरते पंधरा हजार दिले. परीक्षा पास झाला की पुढचे. दोघी जणींचे मत होते, की एवढेही देऊ नये, पोरगं परत फिरलं तर? त्यावर बराच वेळ बोलणे झाले. शेवटी ताई म्हणाल्या, "तो नाही गेला तरी हप्ता मी भरीन, माझी शिलाई चालू आहे." ते इतिवृत्तात लिहिले आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

मुलगा सध्या सकाळी वर्गाला जातो आणि दुपारी गावात नळकाम करतो. मागच्या आठवड्यात त्याने आमच्याच एका सदस्येच्या न्हाणीघराचे पाईप जोडले. गवंडी गिलाव्याचा माल कालवून तयार होता. मुलगा म्हणाला, "काका, आज नाही. उद्या सकाळी काटा बघू, मग." गवंडी कुरकुरला. सकाळी काटा उतरलेला निघाला. कोपऱ्यातला एक एल्बो गळत होता. अर्ध्या तासात बदलला.

तुमच्या गटात असा वेगळ्या कामाचा अर्ज आला असेल किंवा घरकुलाच्या नळकामाबद्दल काही विचारायचे असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात त्यावर बोलू.